मदत हवी आहे: रोजनिशीची सवय टिकतच नाही

वाइंडिंगवाला_चोपडा:
मंडळी, रोज डायरी लिहायची सवय लावायचीये पण टिकत नाही. चार वेळा सुरू केली, चारही वेळा दहा-बारा दिवसांत बंद. पहाटे पाचला उठा, तीन चांगल्या गोष्टी लिहा, हे सगळं व्हिडिओत बघून झालं, ते परत नका सांगू. टिकवायची कशी तेवढंच सांगा. जरा लवकर, उद्यापासून परत सुरू करायचीये.

तापीकाठ:
२१ दिवस नेटाने लिही. २२व्या दिवशी हात आपोआप वहीकडे जातो. मी तसंच केलं, आज तीन वर्षं झाली.

सायकॉलॉजीवाली_धुळे:
२१ दिवसांचं तसं काही नसतं दादा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्यांनी ९६ जणांवर अभ्यास केलेला, २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही हेपण त्यात निघालं. बाराव्या दिवशी खंड पडला म्हणून वही बंद करायचं काही कारणच नाही.

तापीकाठ:
अभ्यास असतील ताई, मी माझ्या घरातलं सांगतोय. खंड पडला की माणूस सुटतो.

गुरुजी_अमळनेर:
अहो पण आधी त्यांना विचारा तर खरं. वही कसली आहे? लिहिता केव्हा? आणि काय लिहिता? हे कळल्याशिवाय औषध कसं द्यायचं?

वाइंडिंगवाला_चोपडा:
कृषी केंद्रवाल्याने दिलेली डायरी आहे, तारखा छापलेली. रात्री अकराला दुकान बंद करून आलो की लिहितो. दिवसभरात जे झालं ते सगळं.

केळीबाग_रावेर:
दुकान कसलं भो? मोटर वाइंडिंग का? माझी साडेसात एचपीची या सीझनला दोनदा जळाली, एवढं काय कारण असेल?

वाइंडिंगवाला_चोपडा:
हो तेच काम. एक फेज जात असेल लाइनीतून, दोन फेजवर मोटर चालत राहते, गरम होते आणि वाइंडिंग काळं पडतं. स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा, एक फेज गेली की तो मोटर बंद करतो. आधीच असेल तर चालू आहे का तपासा, बऱ्याच ठिकाणी बायपास केलेला असतो. पण माझं डायरीचं राहिलं हो.

भुसावळकरीण:
तारखांची डायरी आधी बाजूला ठेव दादा. माझ्याकडेपण होती तसली. ११ जानेवारीपर्यंत भरलेली आणि पुढे कोरी पानंच पानं, उघडली की अपराध्यासारखं वाटायचं. साधी दोनशे पानी आखीव वही घे आणि तारीख हाताने टाक, मग चार दिवस गेले तरी वहीत भोक दिसत नाही. पेनपण चांगलं घे, डायरीच्या पातळ कागदावर जेल पेन मागे उमटतं.

तापीकाठ:
पेनाने काय होतंय. मन पाहिजे.

भुसावळकरीण:
ज्याचे हात दिवसभर वार्निशमध्ये असतात त्याला रात्री पेन नीट चालणं लागतं भाऊ.

असोदा_मोड:
लिहूच नका मी म्हणतो, मोबाईलमध्ये बोला. आमच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं? त्या कामात ओव्या म्हणत गेल्या, घरच्यांनी, मुलगा सोपानदेवांनी उतरवून घेतल्या म्हणून त्या १९५१ ला गेल्यावरही आपल्यापर्यंत आल्या. गाडीवर घरी जाता जाता रेकॉर्ड करा.

सायकॉलॉजीवाली_धुळे:
गाडी चालवताना नको प्लीज.
बाकी दादा, रात्री अकराला "सगळं" लिहिणं मला जड वाटतंय. १९८६ साली पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत विद्यार्थ्यांना मनातलं सलणारं लिहायला लावलं, तेही फक्त चार दिवस, रोज १५ मिनिटं. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहिल्या लिहिल्या मन आणखी जड झालेलं. तसं लिखाण जन्मभर रोज झोपायच्या आधी करायची गोष्ट नाही. तुम्हाला नक्की कशासाठी लिहायचंय?

वाइंडिंगवाला_चोपडा:
सांगायचं नव्हतं पण सांगतो. दादा (वडील) गेले दोन वर्षांपूर्वी. नंतर कोठीच्या कोनाड्यात त्यांच्या खिशातल्या छोट्या वह्या सापडल्या, रबर लावून ठेवलेल्या, सतरा वर्षांच्या. मलापण तसं काहीतरी मागे ठेवायचंय, माझी पोरगी चार वर्षांची आहे. पण मी बसलो की तीन-चार पानं होतात, शाळेतल्या निबंधासारखी, आणि दुसऱ्या दिवशी ते वाचून नको वाटतं.

गुरुजी_अमळनेर:
वडिलांच्या वहीतलं एखादं पान इथे टाका. जसंच्या तसं, शुद्धलेखन न सुधारता.

वाइंडिंगवाला_चोपडा:
थांबा, आणतो.
"१४ जून. पाउस नई. मोटर जळनी. आबाकडथून १२०० उसना. पोर्‍याले ताप, रातले उतरना."
पुढचं पान:
"१५. पाउस नई."
एवढंच. तो पोऱ्या म्हणजे मीच असणार.

भुसावळकरीण:
वाचून गलबलून आलं. "१५. पाउस नई" एवढंच लिहायलापण त्यांनी वही काढली.

गुरुजी_अमळनेर:
बघा, सतरा वर्षं टिकलं ते असं टिकलं. दोन ओळी, त्याही अहिराणीत, जशी तोंडात आली तशी. तुम्ही घरात अहिराणी बोलता आणि वहीत पुस्तकी मराठी लिहिता, म्हणून निबंध होतो. साने गुरुजी इथे आमच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, रोज. आणि रात्रीची वाट बघू नका, वही दुकानात टेस्टिंग बोर्डाशेजारी ठेवा, मोटर वार्निश करून सुकायला ठेवली की लिहून मोकळे व्हा.

तापीकाठ:
दोन ओळी हे पटलं. पण रोज लिही, एवढं माझं ऐक.

वाइंडिंगवाला_चोपडा:
आज दुपारीच लिहिलं, दुकानात. "भलतं ऊन शे. ५ मोटरी. पोरगीनी तांबानी तार मांगी, बांगडी करी दिन्ही." एक मिनिट लागला. वार्निशचा अंगठा उमटलाय पानावर, राहू दिला.

केळीबाग_रावेर:
प्रिव्हेंटर बायपासच होता भो. नवा बसवायचाय, उद्या दुकान उघडं आहे का?