आपल्या अंतराळ स्थानकाचं मालवाहू यान: जाळायचं की परत आणायचं?

झाडीपट्टी: 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून जवळपास तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. तेव्हापासून 'यान जाळायचं' म्हटलं की इकडं लोक बिचकतात. तरी माझं मत असं की 2035 पर्यंत उभारायच्या भारतीय अंतरिक्ष स्थानकाला जळून जाणारंच मालवाहू यान हवं. ते कडं चिनी रॉकेटच्या बेवारस टप्प्याचं असावं, असं तज्ज्ञ सांगतात. रशियाच्या प्रोग्रेस या मालवाहू यानाचं तसं नाही. 1978 पासून ठरलेली रीत आहे: माल उतरला की कचरा भरायचा, यान सुटं करायचं, उलट दिशेनं इंजिन पेटवून वेग मोडायचा, की ते वातावरणात शिरून जळतं. उरलेसुरले तुकडे दक्षिण प्रशांत महासागरात. उष्णताकवच नाही, पॅराशूट नाही, म्हणून सव्वासात टनांच्या यानात अडीच टन माल मावतो.

वऱ्हाडी गडी: अन् प्रयोगाचे नमुने काहून जाळता भाऊ? उणे 80 अंशांवर जपलेलं रक्त कचऱ्यात टाकता काय? स्पेसएक्स कंपनीचं ड्रॅगन यान तीनेक टन माल परत आणतं. गगनयानची दहा पॅराशूटांची साखळी आपल्याकडे तयार होतेच आहे. खुर्च्या काढा, माल भरा.

झाडीपट्टी: आपलं एलव्हीएम3 रॉकेट पृथ्वीजवळच्या खालच्या कक्षेत नेतं सारे आठ टन. कवच आणि पॅराशूट वजा करून माल किती उरतो ते मांडा. अन् 2022 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या शेतात तुकडे पडले, ते ड्रॅगनच्याच ट्रंकचे, म्हणजे कुपीमागच्या बिनकवचाच्या भागाचे होते.

वऱ्हाडी गडी: ट्रंक आधी कक्षेतच सोडून देत, मग कुपी उतरवत; ट्रंक पुढं कुठंही पडे, म्हणून झालं ते. आता इंजिन पेटवल्यावर ट्रंक सोडतात आणि कॅलिफोर्नियाजवळ उतरतात.

धुरकरी: दोघंही परतीवर भांडून राहिले बाप्पा, जोडणीचं कोणी बोलेना. 25 जून 1997 ला प्रोग्रेस एम-34 रशियाच्या मीर स्थानकावर आदळलं. चाचणीसाठी आपोआप जोडणी करणारं कुर्स रडार बंद होतं, यान अंतराळवीर हातानं चालवत होता. पडद्यावरच्या चित्रावरून अंतर आणि वेग ताडायचा, मागं ढगांची पृथ्वी. ब्रेक उशिरा लागला, मीरच्या स्पेक्टर या खोलीला भोक पडलं. हॅच लावावं तर त्यातून केबल गेलेल्या. त्या काढून-कापून दार बंद करावं लागलं. हॅचमधून केबल न्यायचीच तर झटक्यात सुटणारा जोड हवा.

दुसरं वजनाचं. गाडी धुरजड झाली की बैलाच्या मानेवर येते, उलाळ झाली की जू वर उचलतं. यानातही प्रत्येक पिशवीचं वजन आणि जागा लिहून ठेवावी लागते, कचऱ्याचीसुद्धा. वस्तुमानकेंद्र सरकलं की थ्रस्टर (दिशा देणारं छोटं इंजिन) सरळ ढकलायच्या ऐवजी यान फिरवतो. इस्रोच्या स्पेडेक्स प्रयोगानं 16 जानेवारी 2025 ला दोन उपग्रहांची कक्षेत जोडणी साधली, पण ते उपग्रह सव्वादोनशे किलोच्या आतले.

अन् इंधन? विरळ हवेच्या घर्षणानं स्थानक खाली सरकतच राहतं. प्रोग्रेस जोडकड्यातल्या नळ्यांतून इंधन स्थानकाच्या टाक्यांत ढकलतं आणि स्वतःच्या इंजिनानं स्थानक वरही उचलतं. 2024 मध्ये ड्रॅगननंही उचलून दाखवलं, पण टाक्या भरणं त्याला जमत नाही. मी पहिल्यांदा नळ्यांचं जोडकडं मागेन.

वऱ्हाडी गडी: हाव, इंधनाचं पटलं. नमुन्यांचं मात्र तसंच राहिलं.

धुरकरी: त्यालाही जुनी तोड आहे. मीरच्या काळात काही प्रोग्रेससोबत रादुगा नावाची छोटी कुपी जायची. निघताना अंतराळवीर ती यानाच्या हॅचमध्ये बसवत. यान जळायचं, कुपी दीडेकशे किलो माल घेऊन पॅराशूटनं उतरायची.

झाडीपट्टी: एवढं कवच मला चालते.