मर्जरएफएस पूल: जुन्या फाइली परत आल्या, पण नव्या गायब झाल्या

जेकार्ड_डिझाइन (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार. चादर आणि टॉवेलच्या डिझाइनचं ऑफिस आहे. एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकून चार हार्डडिस्क मर्जरएफएसने एकत्र केल्या आहेत, म्हणजे चारही मिळून एकच मोठा ‘पूल’ दिसतो. ४ टीबीच्या तीन आणि २ टीबीची एक. पाचव्या डिस्कवर स्नॅपरेडची पॅरिटी (डिस्क गेली तर फाइली परत काढायचा हिशेब), रोज रात्री सिंक लागतं, म्हणजे तो हिशेब ताजा होतो. सिस्टिम ४८० जीबीच्या एसएसडीवर आहे. डिस्क ‘/एमएनटी/डिस्क१’ ते ‘डिस्क४’ अशा फोल्डरांवर माउंट होतात (जोडल्या जातात), सगळ्यांना ‘नोफेल’ (डिस्क आली नाही तरी मशीन चालू होऊ दे) लावलेलं आहे. नवी फाइल लिहायचं धोरण एमएफएस (सर्वांत मोकळी डिस्क निवडणारं). चारही डिस्क भरत आल्यात, प्रत्येकीवर ५० ते ९० जीबी मोकळे असतील. डिझायनर लोक सांबावरून (नेटवर्कवर फाइली वाटणारी सेवा) विंडोजमधून काम करतात.

सोमवारी लाइट गेली, यूपीएसने दम सोडला, मशीन धाडकन बंद पडलं. चालू केल्यावर ‘जुने ग्राफ’ फोल्डरमधली निम्मी डिझाइन दिसेनात, पूलची एकूण जागाही कमी दिसायला लागली. ऑर्डर अडली होती म्हणून नवं काम तसंच सेव्ह करत राहिलो. शनिवारी रीस्टार्ट केलं तर जुनं सगळं परत हजर, पण सोमवार ते शनिवारचं नवं काम नाही. एरर कुठेच नाही. डिस्क गेली समजायची का? रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू का?

---

रॅकवाला_अण्णा

रिकव्हरी सॉफ्टवेअर अजिबात नको. आधी सांबा बंद करा आणि स्नॅपरेडचं रात्रीचं शेड्यूल थांबवा. मग पुढचं वाचा.

मर्जरएफएस स्वतः काहीच साठवत नाही. प्रत्येक फाइल अख्खीच्या अख्खी कुठल्या तरी एका डिस्कवर असते, पूल फक्त सगळ्या डिस्कची यादी एकत्र करून दाखवतो. त्यामुळे पूलमधून एकदम बऱ्याच फाइली गेल्या तर पहिला प्रश्न ‘कोणती डिस्क जाग्यावर नाही’ हाच असतो.

तुमच्याकडे काय झालं ते तुमच्याच वर्णनात आहे. सोमवारी एक डिस्क, समजा डिस्क३, बूटच्या वेळी आली नाही. ‘नोफेल’ असल्यामुळे लिनक्स तिच्यावाचून पुढे गेला. पण ‘/एमएनटी/डिस्क३’ हे रिकामं फोल्डर एसएसडीवर होतंच. मर्जरएफएसला रिकामं फोल्डर आणि माउंट झालेली डिस्क यांतला फरक कळत नाही, त्याने ते फोल्डर शाखा (पूलमधली एक डिस्क) म्हणून घेतलं. वर एमएफएस म्हणजे ज्या शाखेवर सर्वांत जास्त जागा मोकळी तिथे लिहायचं. खऱ्या डिस्कवर ५०-९० जीबी, एसएसडीवर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून आठवडाभराचं काम एसएसडीवर गेलं. शनिवारी डिस्क३ आली आणि त्याच फोल्डरवर माउंट झाली. खालचं सगळं झाकलं गेलं, पुसलं गेलेलं नाही. एसएसडीची भरलेली जागा वाढलेली दिसेल, ती आधी बघा.

काढायचं असं:

१. रूटने (मशीनच्या मुख्य खात्याने) एक नवं रिकामं फोल्डर करा, समजा ‘/तळ’. त्यावर रूट फाइलसिस्टिम (एसएसडीवरचं मूळ ‘/’) ‘माउंट’ला ‘--बाइंड’ देऊन जोडा. ‘--आरबाइंड’ नाही, त्याने वरची माउंट पण सोबत येतात आणि तळ दिसतच नाही.

२. आता ‘/तळ/एमएनटी/डिस्क१’पासून ‘डिस्क४’पर्यंत एकेक उघडा. ही सगळी रिकामी असायला हवीत. जिथे काही आहे तिथेच तुमचं काम आहे. ‘डीयू -एसएच’ने साइज बघून लिहून ठेवा.

३. ते थेट जुन्या फोल्डरांत ओतू नका. पूलमध्ये ‘सापडलेले’ असं वेगळं फोल्डर करून ‘आरसिंक -एव्ही’ने तिकडे कॉपी करा. कारण एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असू शकते, आणि कुठली नवी हे माणसानेच तारीख आणि साइज बघून ठरवावं.

४. कॉपी झाल्यावर तीच आज्ञा ‘-एनसी’ जोडून पुन्हा चालवा. एन म्हणजे नुसती चाचणी, सी म्हणजे चेकसम. एकही फाइल यादीत आली नाही तरच एसएसडीवरची प्रत पुसा.

आता स्नॅपरेड. एखाद्या डिस्कवरच्या आधीच्या सगळ्याच फाइली नाहीशा दिसल्या तर सिंक स्वतःहून थांबतं आणि ‘--फोर्स-एम्प्टी’ मागतं. तुमच्या लॉगमध्ये सोमवारपासून तेच असणार. ते कधीही देऊ नका. मात्र थोड्याच फाइली गेल्या असतील तर सिंक मुकाट्याने पुढे जातं, आणि मग पॅरिटीतून त्या परत येत नाहीत. म्हणून आधी ‘स्नॅपरेड डिफ’ (मागच्या सिंकनंतर काय बदललं त्याची यादी) बघायचं, ‘रिमूव्ह्ड’चा आकडा पटला तरच सिंक. रात्रीच्या स्क्रिप्टमध्येही ही अट घाला: ठरावीक आकड्यापेक्षा जास्त फाइली गेलेल्या दिसल्या की थांब आणि मेल कर.

---

जेकार्ड_डिझाइन

अण्णा, सापडलं सगळं! ‘/तळ’खाली डिस्क३ मध्ये ४६ जीबी, आठवड्याचं काम जसंच्या तसं. स्नॅपरेडच्या लॉगमध्येही तुम्ही म्हणता तोच मजकूर आहे. फार मोठं काम केलंत.

तीन गोष्टी राहिल्या. हे परत होऊ नये म्हणून काय करू? डिस्क३ च्या स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९९ नंबरला मोठा आकडा आहे, ५, १९७ आणि १९८ शून्य आहेत, म्हणजे काय? आणि ‘वाऱ्याची वेल’ नावाचं फोल्डर पूलमध्ये दोनदा दिसतंय, अक्षर न् अक्षर तेच.

---

रॅकवाला_अण्णा

१९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वायरीवर डेटा चुकला त्याची मोजणी. ५, १९७, १९८ हे खराब सेक्टरचे आकडे, ते शून्य आहेत म्हणजे डिस्कची तबकडी बरी आहे. साटा केबल बदला, आणि पॉवर केबल मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून) काढलेली असेल तर तीही. ३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. पाच डिस्क एकदम उठल्या तर जुन्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) ते झेपत नाही, मग एखादी उशिरा येते नाहीतर येतच नाही. हा आकडा पुन्हा शून्य होत नसतो. आजचा लिहून ठेवा, केबल बदलल्यावर वाढतो का एवढंच बघा. १९७ किंवा १९८ मध्ये काही दिसायला लागलं तर मात्र ती डिस्क वापरत राहू नका, आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन) दुसरीवर उतरवा.

परत होऊ नये म्हणून खात्रीचा उपाय असा: पूल आणि सगळ्या डिस्क अनमाउंट करा, आणि रिकाम्या फोल्डरांना ‘सीएचअॅटर +आय’ (‘बदलू देऊ नको’ ही खूण) लावा. मग त्यात रूटलासुद्धा फाइल करता येत नाही. डिस्क आली नाही तर लिहिताना एरर येईल, आणि तीच आपल्याला हवी आहे. डिस्क माउंट असताना ही आज्ञा दिली तर खूण त्या डिस्कच्या मुळाशी लागते आणि भलताच घोळ होतो, म्हणून अनमाउंट करूनच. पूलच्या स्वतःच्या फोल्डरलाही लावा. पूल माउंट झाला नाही तर सांबा तिथेच लिहीत बसतो, ही जागा बहुतेक जण विसरतात.

दुसरा मार्ग, शाखा म्हणून डिस्कचं मूळ न देता आतलं फोल्डर द्या, म्हणजे ‘/एमएनटी/डिस्क३/डेटा’. डिस्क नसेल तर तो रस्ताच नसतो. फक्त शाखा तारांकन (‘*’) वापरून दिल्या असतील तर ती यादी पूल माउंट होताना एकदाच बनते. डिस्क मागाहून आली तर पूल पुन्हा माउंट करावा लागतो.

एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे माउंट करायची ती फाइल) एसडीबी, एसडीसी अशी नावं असतील तर ती काढून यूयूआयडी (डिस्कचा कायमचा ओळख क्रमांक) घाला. ही नावं बूटगणिक बदलू शकतात. आणि मर्जरएफएसच्या ओळीत ‘ब्रँचेस-माउंट-टाइमआउट’ हा पर्याय आहे, सेकंदांत आकडा द्यायचा. तेवढा वेळ तो डिस्कची वाट बघतो.

---

देवनागरी_नाव_तज्ज्ञ

‘वाऱ्याची वेल’चं मी सांगतो, कारण हे मराठी नावं ठेवणाऱ्या सगळ्यांना छळतं. ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर. दोन, ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब). तीन, ‘र’ला हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही सारखेच, पण ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल साठवायची पद्धत) च्या दृष्टीने वेगवेगळी नावं. एका डिझायनरचा कीबोर्ड एक पद्धत वापरतो, दुसऱ्याचा दुसरी, आणि दोन फोल्डर तयार होतात. सर्च केलं तर एकातलीच फाइल सापडते आणि दुसऱ्यातली ‘गायब’ वाटते. ‘एलएस’च्या (फाइलींची यादी) आउटपुटवर हेक्सडंप (अक्षरांमागचे आकडे दाखवणारी आज्ञा) चालवलं की फरक दिसतो. दोन्हींतला माल एकात हलवा आणि पुढे ऑफिसात सगळ्यांना एकच कीबोर्ड लावून द्या.

याच जातीचा दुसरा प्रकार लांब नावांचा. ईएक्सटी४ मध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना-मात्रा-हलन्तासह. म्हणजे फार तर ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, म्हणून तिथे ‘सोलापुरी चादर डबल बेड मोराची नक्षी निळा काठ…’ असं पार्टीच्या नावासकट लांबलचक नाव चालून जातं. पूलवर कॉपी करताना तीच फाइल नाकारली जाते, कोणीतरी ‘स्किप’ दाबतं, आणि महिन्याने शोधाशोध सुरू होते. नाव छोटं ठेवा, बाकीची माहिती फोल्डरला द्या.

एकाच नावाची फाइल दोन डिस्कवर असेल तर पूल साधारणपणे यादीत आधी असलेल्या शाखेवरची दाखवतो. म्हणून केलेली दुरुस्ती गेली आणि जुनं डिझाइन परत आलं असं वाटतं. ‘गेटएफअॅटर’ने ‘यूजर.मर्जरएफएस.ऑलपाथ्स’ विचारलं तर ती फाइल कुठे कुठे आहे ते कळतं.

---

जुळे_सोलापूर_पीसी

माझ्याकडे लिनक्स नाही, विंडोजवर स्टेबलबिट ड्राइव्हपूल (तसंच डिस्क एकत्र करणारं सॉफ्टवेअर) आहे. एक डिस्क ‘मिसिंग’ दाखवतोय, त्यावरच्या फाइली दिसत नाहीत आणि पूलवर काही सेव्हही होत नाही. हेच लागू होतं का?

---

रॅकवाला_अण्णा

तत्त्व तेच. डिस्क मिसिंग असेपर्यंत ड्राइव्हपूल पूलला रीड-ओन्ली ठेवतो, आणि ते बरंच आहे, तुमचं नवं काम भलतीकडे जात नाही. यादीतली मिसिंग डिस्क ‘रिमूव्ह’ करायची घाई करू नका. मशीन बंद करून केबल आणि पोर्ट बदला, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिच्या मुळाशी ‘पूलपार्ट’ने सुरू होणारं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात फाइली साध्या एनटीएफएसमध्येच असतात. लपवलेल्या फाइली दाखवा हे सेटिंग चालू केलं की दिसतील. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (सिस्टिमच्या नोंदी) १५७ नंबर असेल तर डिस्क अचानक सुटली, म्हणजे केबल किंवा पॉवर. ७ असेल तर खराब ब्लॉक. चेकडिस्क आधीच चालून गेलं असेल तर त्या डिस्कच्या मुळाशी ‘फाउंड.०००’ फोल्डर आहे का तेही बघा, सुटलेल्या फाइली तिथे जमा होतात.

विंडोजचं स्टोरेज स्पेसेस असतं तर हे चाललं नसतं. ते डेटा २५६ एमबीच्या तुकड्यांत डिस्कांवर वाटतं, एकटी डिस्क बाहेर काढून काही वाचता येत नाही.

आणि दोघांनाही, मशीन मागाच्या शेडमध्ये असेल तर तिथून हलवा. सुताची तूस पंख्यात आणि जाळीत बसते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० च्या वर पारा असतो, त्यात पंखा अडला तर डिस्क सहज ५५ च्या पुढे जाते. स्मार्टमधला १९४ नंबर तापमानाचा. दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा सोडा, समोर १२० एमएमचा पंखा लावा, आणि यूपीएस फक्त बॅटरीवर न सोडता एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवून बॅटरी उतरायच्या आत मशीन आपोआप नीट बंद होईल असं करा.