मदत हवी आहे: पेटीला पायझो लावलाय, पण गुणगुण जात नाही आणि पावसात आवाज फाटतो

रापण

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यातला. गावच्या भजनी मंडळात झांज वाजवतो. मंडळाचं वायरिंग, माईक, स्पीकर हेही माझ्याच गळ्यात, कारण घरात सोल्डरिंग गन असलेला मंडळात मी एकटाच. चतुर्थीत आमच्याकडे घरोघरी भजनं असतात, त्याआधी हे मार्गी लागलं तर बरं.

अडचण अशी की पेटीसमोर माईक ठेवला की त्यात पेटी कमी आणि झांजाच जास्त येतात. बुवांनी वरचा सूर धरला, मागून कोरस उठला, की पेटी गायब. आवाज वाढवला तर स्पीकर शिट्टी मारतो. म्हणून रीड ज्या फळीवर बसवलेले असतात त्या फळीला आतून २७ मिलिमीटरची पायझो चकती (थरथरली की वीज देणारी) दुहेरी टेपने चिकटवली. ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला दिल्यावर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज आला. मग टीएल०७२ ही ओपॅम्प आयसी वापरून झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डावर) प्रीॲम्प, म्हणजे मिक्सरच्या आधी सिग्नल वाढवणारं सर्किट बनवलं. सर्किट इंटरनेटवर मिळालं, गिटारसाठीचं आहे, इनपुटला १० मेगओहम. सप्लाय ९ व्होल्टच्या अडॅप्टरचा.

आवाज एकदम भरला, बुवा खूश. पण मागे सतत गुणगुण आहे. जॅकच्या धातूला हात लावला की ती कमी होते, हात काढला की परत. दुसरं दुखणं जास्त चमत्कारिक. पावसाची झड लागली की चरचर सुरू होते आणि आवाज फाटतो. दोन दिवस ऊन पडलं की काही न करता आपोआप बरं.

मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही. तयार पिकअप घ्या असं सांगणार असाल तर त्याचं पत्रक मंडळाच्या खजिनदारांना दाखवून झालंय. त्यांनी ते शांतपणे घडी करून परत दिलं.

मालवणी_खाजा

पेटयेक पायझो कित्याक रे? पेटीचो आवाज हवेत असता, लाकडात नाय.

गंभीरपणे सांगायचं तर रीड हवेने वाजतात. पायझो फक्त फळीची थरथर पकडतो, त्यात भात्याची धपधप आणि पट्ट्यांची खटखट फुकट मिळते. इलेक्ट्रेट माईकची कॅप्सूल पेटीच्या आत बसवा. स्वस्त असते आणि आवाज खरा येतो.

रापण

खाजाभाऊ, इलेक्ट्रेट लावून बघितला. घरात फार गोड वाजला. सभामंडपात दोन मोठे स्पीकर आणि समोर दहा-बारा झांजा आल्यावर तो पण शिट्टीच मारायला लागला. पायझोला निदान झांजा ऐकू येत नाहीत.

ओहम_शांती

दोघंही बरोबर आहात. बैठकीत, शांत जागेत इलेक्ट्रेट. डबलबारीच्या (दोन बुवांच्या भजन-सामन्याच्या) गोंगाटात पायझो. हा वाद इथेच थांबवू.

रापण, आधी एवढं करून सांगा. अडॅप्टर काढून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा आणि ऐका. मग पायझो सोडवून प्रीॲम्पचं इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा आणि परत ऐका. शॉर्ट केल्यावरही गुणगुण राहिली तर ती चकतीकडून येत नाही, सप्लायमधून किंवा पुढच्या केबल-मिक्सरमधून येते.

आणि गुणगुण कुठल्या सुरात आहे तेही सांगा.

रापण

सुरात म्हणजे?

ओहम_शांती

पेटी हाताशी असताना ऑसिलोस्कोप कशाला हवा? आपली लाइट ५० हर्ट्झची. शील्डिंग किंवा अर्थिंगमधून शिरणारी गुणगुण बहुधा ५० ची असते, खोल आणि मऊ. डायोड-कॅपॅसिटरच्या सप्लायमधून येणारी १०० ची, जरा खरखरीत. पेटी ४४० ला लावलेली असेल तर पांढरी पाच खालच्या सप्तकांमध्ये ४९ आणि ९८ हर्ट्झवर येते. म्हणजे गुणगुण पांढरी पाचच्या जवळ, पण किंचित चढी ऐकू आली तर ती लाइटचीच. बुवांना ऐकवा, त्यांचा कान माझ्या मीटरपेक्षा बरा असेल.

रापण

बुवा म्हणाले, "पांढरी पाचच आहे, पण चढलीय." हसायला आलं.

बॅटरीवर गुणगुण बरीच खाली गेली. शॉर्ट केल्यावर पूर्ण शांत. चकती जोडली की थोडी मऊ गुणगुण परत येते. चकतीपासून सर्किटपर्यंत साधी दोन तारांची वायर आहे, वीतभर.

ओहम_शांती

मग चित्र स्पष्ट आहे. अडॅप्टर बाजूला ठेवा, बॅटरीवरच राहा. टीएल०७२ चे दोन्ही ॲम्प मिळून तीनेक मिलिअँपिअर घेतात, चौकोनी बॅटरी कित्येक रात्री पुरेल. त्याहून वाचवायचं तर त्याच पायांवर टीएल०६२ बसतो, तो अर्ध्या मिलिअँपिअरच्या आत चालतो. त्याचा सुस्कारा (मागचा सूं-सूं आवाज) थोडा जास्त, पण झांजांपुढे तो कोणाला ऐकू येणार.

वीतभर साधी वायर काढा, माईकची शील्डेड वायर घाला. पितळी चकती शील्डला, मधला पांढरा भाग आतल्या तारेला. उलटं जोडलं तर अख्खी पितळी चकती अँटेना होते. सर्किट पत्र्याच्या डबीत ठेवा आणि डबी ग्राउंडला जोडा. हात लावल्यावर गुणगुण कमी होते याचा अर्थ शील्ड जे काम करत नाही ते तुमचं अंग करतंय.

आता तुमच्या १० मेगओहमकडे येऊ. माझ्या मते तुमची निम्मी डोकेदुखी तिथे आहे.

पायझो हा विजेच्या दृष्टीने एक कॅपॅसिटर असतो. २७ मिलिमीटरच्या चकतीचा साधारण २० नॅनोफॅरॅड. तुमच्या मीटरवर कॅपॅसिटन्सची रेंज असेल तर मोजून बघा. हा कॅपॅसिटर आणि पुढच्या इनपुटचा रेझिस्टन्स मिळून खालचे सूर कापणारा फिल्टर बनतो. मिक्सरचं लाइन इनपुट १० किलोओहमचं धरलं तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. २०० हर्ट्झचा सूर १२ डेसिबल खाली. पेटीचा गाभा त्याच भागात असतो, म्हणून तुम्हाला पत्र्याचा डबा ऐकू आला.

गिटारच्या ब्रिजखालची पायझो पट्टी फार लहान असते, तिचा कॅपॅसिटन्स कितीतरी कमी. तिला मेगओहम लागतात. तुमच्या चकतीला १० मेगओहम दिलेत की फिल्टर एक हर्ट्झच्याही खाली जातो. तिथे कोणता सूर असतो? भात्याची धपधप मात्र सगळी आत येते.

२२० किलोओहम टाकलात तर मर्यादा ३६ हर्ट्झवर येते, १०० किलोओहमला ८० वर. मी १०० ने सुरुवात करीन. खर्ज गेल्यासारखा वाटला तर २२०.

आणि पावसाचं दुखणं. तो १० मेगओहमचा रेझिस्टर ओपॅम्पच्या इनपुटला सप्लायच्या निम्मे, साडेचार व्होल्ट (बायस) पोचवतो, बरोबर? चकती थेट इनपुट आणि ग्राउंडच्या मध्ये आहे. दमट हवेत चकतीवर किंवा पीसीबीवर ओलाव्यातून समजा १० मेगओहमची गळती झाली. साडेचारचे सव्वादोन व्होल्ट झाले. ओपॅम्पला खालच्या बाजूला जागाच उरत नाही, आवाज फाटतो. ऊन पडलं, गळती गेली, सर्किट बरं झालं. तेवढीच गळती १०० किलोओहमच्या रेझिस्टरसमोर असली तर साडेचारचे जेमतेम चार पॉइंट चार-पाच होतात. कोणाला कळणारही नाही. शिवाय चकती आणि इनपुटच्या मध्ये १ मायक्रोफॅरॅडचा फिल्म कॅपॅसिटर टाका, म्हणजे चकतीच्या गळतीचा बायसशी संबंधच राहणार नाही. रेझिस्टर त्या कॅपॅसिटरच्या पुढे, ओपॅम्पच्या बाजूला.

सहा_व्होल्ट

ओहमरावांनी गणित मांडलं, मी धंद्याचं सांगतो. रत्नागिरीत आयुष्यभर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. पावसाळ्यात दुकानात येणाऱ्या मालात बिघडलेला पार्ट कमी आणि खारं पाणी जास्त असायचं.

मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस त्याच्या वर असते. म्हणजे पीसीबीवर बसलेला खाऱ्या वाऱ्याचा पापुद्रा पावसात ओला होऊन वीज वाहू लागतो, पाण्याचा थेंब न पडता. त्यात डबीतली सोल्डर पेस्ट वापरली असेल तर बघायलाच नको, ती पण ओल धरते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणून जुन्या टूथब्रशने पाठची बाजू घासा, विशेषतः ओपॅम्पच्या इनपुटच्या पायाभोवती. पुढे पेस्ट वापरूच नका, राळ भरलेली सोल्डर तार पुरते. उन्हात नीट वाळवा, मग पीसीबीचं वार्निश दोन हात मारा. वार्निश नसेल तर घरातलं रंग नसलेलं नेलपॉलिश चालतं, मी चालवलंय. वाळवायच्या आधी वार्निश मारलंत तर ओल आत कोंडाल, हे मात्र लक्षात ठेवा. चकतीच्या कडेलाही एक हात द्या.

जॅकचं म्हणाल तर पी-३८ ची (पाव इंची जॅकची) सॉकेट वर्षभरात हिरवी-काळी पडते. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा ठेवा. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मारायची आपल्याकडे सवय आहे, ती सॉकेटमध्ये नको.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते सांगतो. मिक्सर सभामंडपातल्या सॉकेटवर असेल तर तिसऱ्या पिनला अर्थ आहे का? फेज आणि अर्थमध्ये मोजा. २३० च्या आसपास दाखवलं पाहिजे. चाळीस-पन्नास व्होल्ट किंवा तरंगतं काहीतरी दाखवलं तर ती पिन नावालाच आहे. मीटरने २३० दाखवलं तरी अर्थ दणकट आहे असं सिद्ध होत नाही, त्याचा ओहम वायरमनकडून वेगळा मोजून घ्यावा लागतो. आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात सुकून खडखडीत होतो. अर्थ नसला की गुणगुण येतेच, पण ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून बुवा लोखंडी माईक हातात धरतो, हे जास्त वाईट. कोणी शहाणा न्यूट्रलला अर्थ जोडू म्हणेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा. खड्डा वायरमनकडून नीट करून घ्या आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. हा खर्च खजिनदारांना सांगताना पेटीचं नाव काढू नका.

रापण

काका, मोजलं. फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ ६१ आणि आकडा हलतोय. देवस्थानच्या कमिटीला कळवलंय, वायरमन या आठवड्यात येतो म्हणालाय. तोपर्यंत त्या सॉकेटवर आम्ही काही लावत नाही, बाजूच्या घरातून अर्थ असलेली लाइन घेतलीय.

प्रीॲम्पचं सांगतो. १०० किलोओहम, १ मायक्रोफॅरॅड, शील्डेड वायर, बिस्किटाच्या पत्र्याच्या डबीत सर्किट, बॅटरी. गुणगुण आता स्पीकरला कान लावला तर ऐकू येते. भात्याची धपधप निम्म्यावर आली, याची मी अपेक्षाच केली नव्हती. काल संध्याकाळपासून झड लागलीय आणि आज सकाळी वाजवून बघितलं, चरचर नाही. पट्ट्यांची खटखट अजून येते. आणि पखवाजालाही असंच करता येईल का?

ओहम_शांती

खटखटीसाठी चकतीची जागा बदला. पट्ट्यांच्या बाजूची कड सोडून भात्याच्या बाजूला सरकवा, टेप काढून एकेक इंच. यात सूत्र नाही, कान आहे. मिक्सरवर ट्रेबल थोडा खाली घ्या.

पखवाजाला नको. खोडावर चकती लावली तर टकटक येते, नाद येत नाही. कणकेच्या पुडीवर काही चिकटवलंत तर पखवाजवाला तुम्हाला मंडळातून काढेल. शिवाय पायझोवर जोराचा ठोका बसला तर तो क्षणभर दहा-वीस व्होल्टही फेकतो, इनपुटला डायोड नसतील तर ओपॅम्पला ते झेपत नाही. पखवाजाला साधा डायनॅमिक माईकच, धुमेकडे (कणकेच्या बाजूकडे) झुकवून, वीतभर अंतरावर.

अलिबागचा_बेस

धागा वाचतोय, मीही हेच बनवणार आहे. आमच्या मिक्सरला कॅननचं (एक्सएलआर, तीन पिनांचं) इनपुट आहे आणि ४८ व्होल्टचं (फँटमचं) बटण सगळ्या चॅनलना एकत्र आहे, कारण गाण्याचा कंडेन्सर माईक त्यावर चालतो. प्रीॲम्प तिथे जोडला तर चालेल?

ओहम_शांती

थेट जोडू नका. ते ४८ व्होल्ट मिक्सरच्या आतल्या ६.८ किलोओहममधून तुमच्या आउटपुटवर उलटे येतात. तिथे १६ व्होल्टचा कॅपॅसिटर असेल तर तो जातो, आणि तो जाताना ओपॅम्पलाही सोबत नेऊ शकतो. त्याच चॅनलला पी-३८ चं लाइन इनपुट असेल तर ते वापरा, तिथे साधारणतः फँटम नसतो; मीटरने एकदा खात्री करा. कॅननच वापरायचं असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल माईक इनपुटला जुळवून देणारी डबी) घाला. प्रीॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या सप्लायवर असले तर ग्राउंड लूपची (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्याने येणारी) गुणगुणही त्याने तुटते.