राष्ट्रपती भवन संग्रहालय, दिल्ली: वयस्कर माणसाला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरचे, लश्कर भागात घर आहे. सासऱ्यांना (आम्ही बाबाच म्हणतो) दिल्लीला राष्ट्रपती भवनाचं म्युझियम दाखवायचं कधीपासून मनात आहे. शाळेत इतिहास शिकवायचे ते, आता ऐंशी पार केलीय, गुडघे साथ देत नाहीत, पण या थंडीत न्यायचंच असं ठरलंय.

त्यांचा सगळा जीव राष्ट्रपतींच्या त्या बग्गीत, म्हणजे घोडागाडीत आहे. फाळणीत व्हाइसरॉयच्या अंगरक्षक दलाची वाटणी झाली तेव्हा बग्गी कुणाची ते नाणं उडवून ठरलं आणि कौल आपल्या बाजूने लागला, ही गोष्ट त्यांनी वर्गात किती मुलांना सांगितली असेल. १९५० ला राजेंद्रबाबू बग्गीतून संचलनाला गेले, पुढे १९८४ नंतर सुरक्षेपायी ती बंद झाली आणि २०१४ च्या बीटिंग रिट्रीटला प्रणबदा परत बग्गीतून आले, तो फोटो बाबांनी पेपरातून कापून डायरीत चिकटवलाय, कडा पिवळ्या पडल्यात, खाली शाईने तारीख घातलीय. २०२४ च्या २६ जानेवारीला मुर्मू मॅडम आणि फ्रान्सचे मॅक्रॉन बग्गीतून आले तेव्हा खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले होते, मधे कुणाला बोलू दिलं नाही.

तर विचारायचं असं, की म्युझियममधे जी बग्गी ठेवलीय ती जवळून बघता येते का, तिच्यासमोर जरा निवांत थांबू देतात की गर्दीबरोबर पुढे सरकावं लागतं? म्युझियमचा २०१६ ला उघडलेला जुन्या गॅरेजचा भाग बराचसा जमिनीखाली आहे म्हणे, तर लिफ्ट आहे ना, मधे बसायला बाकं वगैरे? आणि मुख्य इमारत त्याच दिवशी जमेल का? मला वाटतं घाई करून दोन्ही उरकण्यापेक्षा एकच नीट बघावं, पण ह्यांचं म्हणणं आलोच आहोत तर सगळं बघू. आदल्या संध्याकाळी गतिमान एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरायचा विचार आहे.

प्रतिसाद:
ताई, तुमचंच बरोबर आहे, एका दिवशी एकच करा. मुख्य इमारत आणि म्युझियम यांचं बुकिंग वेगवेगळं असतं, राष्ट्रपती भवनाच्या साइटवर स्लॉट घ्यायचा, आणि सोमवारी बंद असतं ते ध्यानात ठेवून गाडीची तिकिटं काढा. म्युझियमला मदर तेरेसा क्रेसेंटवरचं ३० नंबरचं गेट, टॅक्सीवाल्याला हेच सांगा, नुसतं राष्ट्रपती भवन म्हणालात तर भलतीकडे सोडेल आणि तिथून बाबांना चालत आणणं अवघड. सगळ्यांची ओळखपत्रं ओरिजिनल घ्या. व्हीलचेअर लागो न लागो, आधी फोन करून विचारून ठेवा, आमच्या आईला चालता येत होतं तरी अर्ध्यातच दमली. बग्गी म्युझियमच्या जुन्या तबेल्याच्या भागात आहे, ती पहिल्यांदा बघून घ्या, अंगात जोर असतो तोवर. भेटवस्तूंच्या दालनात वेळ कसा जातो कळत नाही, जॉर्डनच्या राजांनी राजीव गांधींना दिलेली मर्सिडीजसुद्धा आहे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय करा, जवळच आहे. अटलजी तुमच्या ग्वाल्हेरचेच, बाबांना त्यांचं दालन नक्की दाखवा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा! स्लॉट सकाळचा घेते, बग्गी आधी. मुख्य इमारतीचं ह्यांना मी समजावते. लिफ्टचं कुणाला माहीत असेल तर अजून सांगा प्लीज.