नाकात जंतू जास्त म्हणजे न्यूमोनिया गंभीर?

आशाताई, सुरगाणा: बाळाच्या नाकाच्या स्वॅबच्या पीसीआरमध्ये (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा जंतू 'भरपूर' आला, तर आजार गंभीर समजायचा का?

लॅबवाला, पंचवटी: तेवढ्यावरून नाही. नुसत्या सर्दीतही तो नाकात वाढतो, धडधाकट मुलांतही सापडतो. पर्च या मुलांच्या न्यूमोनियावरच्या अभ्यासात मिलिलिटरला जंतूच्या डीएनएच्या साधारण ८० लाख प्रतींच्या वरची घनता न्यूमोकोकल न्यूमोनियाशी जुळली, पण एकेका मुलाचं निदान करण्याइतकी ती भरवशाची नाही. शिवाय अँटिबायोटिकनंतर स्वॅब घेतला की आकडा फसवा कमी येतो. रक्तातला जंतूंचा भार जास्त असेल तर मात्र ते गांभीर्याने घ्यावं.

बालरोग, नाशिकरोड: ताई, तीव्रता बाळाकडे बघून ठरवा. बाळ शांत असताना पूर्ण ६० सेकंद श्वास मोजा. २ ते ११ महिन्यांत ५०, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली, दूध पिणं सुटलेलं, झटके, सुस्ती, यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता लगेच सिव्हिलला पाठवा.

आशाताई, सुरगाणा: थंडीत ऑक्सिमीटर उगाच कमी दाखवतो.

बालरोग, नाशिकरोड: पाय गार असला की होतं तसं. पाऊल चोळून ऊबदार करा, नाडीचा आकडा स्थिरावला की मगच वाचा. पण छाती आत ओढली जात असेल तर त्यात वेळ घालवू नका.