‘चालक दोष’ म्हणजे नक्की कोणाचा दोष?

मेटाकुटी: सीएनसी मिलिंग मशीनच्या देखभाल पुस्तिकेचं मराठी करतोय. स्पिंडल म्हणजे कापायचं हत्यार फिरवणारा दांडा, ड्राइव्ह म्हणजे त्याच्या मोटरला वीज देऊन वेग सांभाळणारा डबा. ‘स्पिंडल ड्राइव्ह फॉल्ट’ला मी ‘चाती चालक दोष’ असं केलं आणि स्वतःवरच खूश झालो. अलार्मचा तक्ता मशीनला चिकटवला. दुसऱ्या दिवशी रात्रपाळीच्या ऑपरेटरनं हातात चिठ्ठी दिली: ‘माझा दोष नाही. मी फक्त स्पिंडल थांबवायचा एम ०५ कोड दिला, थांबताना अलार्म आला.’ चालक म्हणजे आपणच, असं त्यानं वाचलं. बरोबरच वाचलं! आता काय लिहू? पडद्यावर एका ओळीत मावायला हवं.

जुनीवायर: बिचारा. अहो, एमसीबी पडते, फ्यूज उडतो, ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे अलार्म देऊन स्वतःच थांबतो. तिन्हींना वेगळं क्रियापद आहे आणि त्यात अर्थ आहे. ‘ट्रिप झाला’ म्हटलं की मी अलार्म नंबर विचारतो. ‘उडाला’ म्हटलं की आतले आयजीबीटी (मोठे ट्रान्झिस्टर) गेले समजून मीटर घेऊनच निघतो. तुमच्या ‘दोषा’त हे दोन्ही एकाच पोत्यात गेलं.

शब्दवेल: म्हणजे सगळं इंग्रजीच ठेवायचं? मग अनुवाद कशाला? ‘चाती’ किती नेमका शब्द आहे! चाती वाकली की सूत तुटतं, असं आजी म्हणायची. इथेही स्पिंडल जरा वाकडा फिरला की काम बिघडतंच ना? माझ्या मते चाती ‘चक्रा’तूनच आली.

उलटतपासणी: चक्रातून चाक आलं. चातीतला ‘त’ कुठून आणलात? संस्कृतात तर्कु आहे, टकळी त्याच घराण्यातली वाटते. तुमच्या न्यायानं मग ‘टकळी चालक’ का नको? काही जणांना चपखल बसेल.

शब्दवेल: वैयक्तिक होऊ नका. ‘आस’ चालेल?

जुनीवायर: आस नको. एक्स, वाय, झेड हे अक्ष आधीच आहेत, त्यात आणखी एक घुसडला तर सर्व्होचा (अक्षांच्या मोटरांचा) अलार्म समजून माणूस भलतंच पॅनेल उघडेल. बाकी शब्द राहू द्या, अलार्म थांबतानाच येत होता का? कापताना नाही?

मेटाकुटी: थांबतानाच. ४००० फेऱ्यांवरून खाली येताना.

जुनीवायर: मग ओव्हरकरंट नव्हे, ओव्हरव्होल्टेज असणार. थांबताना मोटर जनित्र होते, वीज उलटी ड्राइव्हमध्ये येते. ४०० व्होल्ट तीन फेजला ड्राइव्हच्या आतली डीसी वाट, म्हणजे डीसी बस, साधारण ५६५ व्होल्ट असते, ती वर चढते. ती वीज ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये जिरायला हवी.

मेटाकुटी: अगदी तेच निघालं. आधी थांबण्याचा वेळ २ सेकंदांवरून ८ केला, अलार्म गायब. मग सप्लाय बंद करून, बस उतरल्याची मीटरवर खात्री करून रेझिस्टर तपासला तर ओपन, म्हणजे वीज जायची वाटच तुटलेली. एका टोकाची लग (तार जोडायची पट्टी) काळी पडून जळाली होती, हात लावताच निसटली.

शब्दवेल: या उलट्या विजेला पुस्तिकेत काय म्हटलंय?

मेटाकुटी: कोशात ‘पुनर्जनन’ मिळालं.

उलटतपासणी: पुनर्जन्म वाटतो. ‘परतीची वीज’ म्हणा. परतीचा पाऊस चालतो तर वीज का नको?

जुनीवायर: हा शब्द आवडला! फक्त परतीच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा घोळ व्हायचा. आणि ड्राइव्ह मोटरशी जोडलेला असताना कोणी मेगर (इन्सुलेशन तपासायचं जास्त व्होल्टेजचं मीटर) लावू नका, ड्राइव्ह मरेल. ती आधी सोडवायची.

उलटतपासणी: ‘ती’? वर तुम्हीच ‘ड्राइव्ह ट्रिप होतो’ लिहिलंत. तो की ती?

जुनीवायर: ‘ती’ म्हणजे मोटर हो! ड्राइव्ह पुल्लिंगीच.

शब्दवेल: आमच्याकडे पेनड्राइव्ह सरसकट ‘ती’ असते. नुसती ड्राइव्ह म्हटलं की लिंग बदलतं?

जुनीवायर: पेनड्राइव्ह खिशात मावते, हा आठ किलोचा ठोकळा आहे. मराठीत लहान ती, मोठा तो. लोटी-लोटा, सुरी-सुरा.

उलटतपासणी: मग मशीन ‘ते’ का? आणि वीस किलोची मोटर ‘ती’ का?

मेटाकुटी: माझी ओळ अजून रिकामीच आहे. ‘चालनयंत्रणा बिघाड’ लिहू का?

शब्दवेल: ‘स्पिंडल’ गेला की हो त्यातून!

मेटाकुटी: आत्ताच जाऊन तक्ता पाहिला. ऑपरेटरनं ‘चालक’ पेनानं खोडलंय आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलंय: ‘ड्राइव्हर’.