आमच्या पाण्याच्या वहीला कोणी विचारतच नाही, आता काय करायचं?

मुखाजवळची
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आम्ही नदीच्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात राहणारे चौदा-पंधरा जण वर्षभर पाणी तपासतोय. दर रविवारी सकाळी अकराला धक्क्यावरून बादली सोडायची, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार दाखवणारा) बुडवायचा, पीएच बघायचा, आकडा वहीत. उन्हाळ्यात मासे मरून वर येतात, विहिरी मचूळ झाल्यात, म्हणून सुरू केलं. परवा वही घेऊन ऑफिसात गेलो तर साहेबांनी उघडलीसुद्धा नाही, म्हणे आमच्या रिपोर्टमध्ये ऑक्सिजन व्यवस्थित आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. त्यात आमच्यातच एकी नाही, मासेमारीवाले कोळंबीच्या तळ्यांना शिव्या घालतात, तळीवाले वरच्या शहराच्या सांडपाण्याला, शेतकरी धरणाला. वर्षभराची मेहनत वाया गेल्यासारखं वाटतंय. कोणी असं काही केलंय का?

बाटलीवाला
ताई, राग मानू नका पण साहेबांचा आकडा खोटा नसेलही. सकाळी अकराला ऊन असतं, पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे वरचं पाणी तेव्हा झकास दिसतं. रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून सगळ्यात वाईट आकडा मिळतो पहाटे, उजाडायच्या आत. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे तिथून पळतात नाहीतर मरतात. तुम्ही दोघंही चुकीच्या वेळेला जाताय.

दुसरं म्हणजे बादली. मुखाजवळ गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं जड म्हणून खालून पाचरीसारखं आत घुसतं. बादलीत येतं ते फक्त वरचं. दोरीला वजन लावून तळाजवळ बाटली उघडेल अशी सोय करा, आणि प्रत्येक नोंदीपुढे भरती होती की ओहोटी, उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (छोटी) ते लिहा, नाहीतर एका रविवारचा आकडा दुसऱ्या रविवारशी जुळवताच येत नाही. वहीत ते नसेल तर, खरं सांगतो, मीही ती बाजूला ठेवली असती.

आणि टीडीएस मीटरला ऑक्सिजन कळत नाही. विंकलरची पद्धत शिकून घ्या, काचेची बाटली काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा आत राहता कामा नये, मग जागेवरच दोन रसायनं घालायची. साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. हातमोजे घाला, त्यातलं एक रसायन कातडी भाजणारं असतं. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली, बर्फात, आणि सहा तासांच्या आत लॅब, ते घरी करू नका.

उलट्या_दिशेने
वरचं सगळं बरोबर पण मला वाटतं तुम्ही दर्जा दर्जा करत प्रमाण विसरताय. वरून पाणीच कमी आलं तर खारं आत येणार, सांडपाणी पातळ होणार नाही, आणि धरणात गाळ अडकल्यामुळे जमीनही खचत जाणार. स्पेनमधल्या एब्रोच्या लोकांचं बघा. २००१ मध्ये सरकारने त्या नदीचं वर्षाला साधारण १०५ कोटी घनमीटर पाणी दुसरीकडे न्यायची योजना कायद्यात घातली. मुखाजवळचे लोक पेटून उठले, भातशेतीवाले काय, मासेमार काय, मोर्चे बार्सिलोना, माद्रिद, थेट ब्रसेल्सपर्यंत गेले. गाठ मारलेला पाइप हे त्यांचं चिन्ह होतं, बघताक्षणी कळतं काय म्हणायचंय ते! २००४ मध्ये सरकार बदललं आणि ते पाणी नेणं रद्द झालं. म्हणजे सरकार बदलण्याचं नशीबही लागलं, पण तोवर विषय जिवंत कोणी ठेवला?

अजून एक, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो-सान होआकिन त्रिभुज प्रदेशात तळाशी हजारी २ भाग क्षार असलेलं पाणी गोल्डन गेटपासून किती किलोमीटर आत आलंय ते मोजतात, एक्स-टू म्हणतात त्याला, आणि वरून किती पाणी सोडायचं याचे नियमही त्यावर बांधलेत. तुमच्या विहिरींची अशी रेघ नकाशावर काढा ना. दर महिन्याला रेघ कुठे सरकली ते आजीलाही कळेल, आणि साहेबालाही.

तळीवाला
मी कोळंबी करतो, आता घाला शिव्या. काही अंशी बरोबर आहेत त्या. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी बसते, माल काढताना तळं रिकामं करतो तेव्हा शेवटचं पाणी सगळ्यात घाण असतं, आणि घाईत ते सरळ नाल्यात जातं. आम्ही काही जणांनी ते शेवटचं पाणी वेगळ्या खड्ड्यात थांबवून निवळल्यावर सोडायला सुरुवात केली. पण हे झालं कसं, तर पाणी मोजणाऱ्या पोरांनी आम्हालाच बोटीत घेतलं. आधी आमच्यावर तक्रार केली असती तर फाटकसुद्धा उघडलं नसतं, उगाच का खोटं बोलू. ताई, प्रत्येक गटाचा एक माणूस नमुने घ्यायला न्या, सह्या सगळ्यांच्या. आणि शहराच्या नाल्याच्या वर एक बाटली, खाली एक, तळ्यांच्या वर-खाली तशीच. मग भांडण आकड्यांशी होईल.

मुखाजवळची
खूप आभार, बाटलीवाले दादा रागवले नाही हो, खरंच अकरा वाजताचा विचारच केला नव्हता, चहा-नाश्ता आटपून निघायचो ना! काल पहाटे साडेचारला गेलो, सोबत एक तळीवाले आणि दोन मासेमार, बोटीत एकमेकांशी बोलत नव्हते. वरच्या बाटलीत साका फिकट तपकिरी. तळाच्या बाटलीत पांढरा. मासेमार काका टॉर्च लावून बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले अजून एक भर, बुडबुडा गेला असेल. बुडबुडा गेला असता तर उलट तपकिरी आला असता ना? तरी दुसरी भरली, तीही पांढरी.

साहेबांना आता वही देत नाही, त्यांनी त्यांचा माणूस याच वेळेला, याच खोलीवर पाठवावा असं पत्र लिहितोय, सगळ्यांच्या सह्या घेऊन. शेतकरी अजून सही करत नाहीयेत, धरणाचं नाव पत्रात हवं म्हणतात. घालावं का? उलट्या_दिशेने, तुम्हाला काय वाटतं?